टॅग कुणी लावला

“सर, आजचा मान तुमचा,” असं म्हणत तिने टॅग लावायची टोकदार काठी मत्स्यसंशोधन संस्थेच्या संचालकांच्या हातात दिली आणि ती दोन पावलं मागे सरली. कॅमेरावाला पुढे सरसावला. सरांच्या निवृत्तीनिमित्त त्याला फिल्म करायची होती. तिला त्या फिल्ममध्ये फक्त हे एक दृश्य हवं होतं.

बोटीच्या डेकवर ओल्या गादीवर ट्यूना पडला होता, माणसापेक्षा लांब आणि दोन माणसांइतका जड. डोळ्यांवर ओलं फडकं, तोंडात समुद्राच्या पाण्याची नळी. हा मासा जन्मभर पोहत राहतो, कारण पोहता पोहताच त्याच्या कल्ल्यांतून पाणी जातं. थांबला की घुसमटला. नळीचं पाणी म्हणजे तहानलेल्याला चमच्याने पाजणं. वर घेतल्यावर टॅग रोवायचा आणि लगेच सोडून द्यायचा. पुढे तो कुठे कुठे जातो ते टॅग उपग्रहाला कळवत राहतो.

सरांनी काठी उद्घाटनाच्या कात्रीसारखी धरली होती.

त्यांच्या केबिनमध्ये भिंतभर फोटो होते. प्रत्येक फोटोत मासा होता, हसरे सर होते आणि माशाच्या पाठीत टॅग आधीच रोवलेला होता. तो कोणी रोवला हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण टॅग रोवून मग फोटो काढायचं कामही तिचंच असे. टॅग नेमका कुठे आणि किती तिरका रोवला म्हणजे वर्षभर टिकतो आणि माशाला जाचत नाही, हे तिने समुद्रावर उलट्या काढत शोधलं होतं. सरांच्या पुस्तकात ते सरांच्या नावावर छापलं गेलं. आभाराच्या पानावर तीही होती, बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या खाली. तेव्हापासून तिने डूख धरला होता.

“इथेच ना?” सरांनी ओठ न हलवता विचारलं. काठीचं टोक शेपटीकडे होतं.

ती कॅमेऱ्याकडे पाहून हसली.

“अगं, कुठे मारायचा?”

“सर, जरा मोठ्याने बोला ना. इंजिनाच्या आवाजात माइकमध्ये काही येत नाहीये.”

कॅमेरावाल्याने मान डोलावली. सरांनी काठी उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली. ते बघून तिला इतका आनंद झाला की खरं तर लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

“मॅडम, उशीर होतोय,” नळी धरलेला खलाशी म्हणाला.

कल्ल्यांची उघडझाप मंदावली होती. ते तिला त्याच्याआधीच दिसलं होतं. दुसरा कोणी असता तर तिने केव्हाच त्याच्या हातातली काठी हिसकावून घेतली असती. पण तिला अजून एक वाक्य हवं होतं, आणि ते सरांच्याच तोंडून हवं होतं.

“सांग ना गं! मी आयुष्यात कधी टॅग लावलेला नाही!” सर अखेर ओरडले.

आलं. शब्द न् शब्द माइकमध्ये आला. तिच्या जिवाला गार वाटलं.

मग तिने झटक्यात काठी घेतली, पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या मुळाशी टोक टेकवलं आणि एका दमात टॅग रोवला. हात तसूभरही चुकला नाही. खलाशांनी गादी बोटीच्या मागच्या, पाण्याकडे उघडणाऱ्या दारापर्यंत ओढली आणि मासा पाण्यात सरकवला.

सगळे कठड्यावरून वाकून बघू लागले. आता शेपटीचा एक फटका बसायला हवा होता. तो बसला नाही. मासा कलंडला, त्याचं पांढरं पोट वर आलं आणि तो तसाच, काही घाई नसल्यासारखा, खाली खाली जात दिसेनासा झाला.

हा मासा कशाने मेला हे त्या बोटीवर तिच्याइतकं कोणालाच कळलेलं नव्हतं. तिला स्वतःची शिसारी आली.

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं, कॉलर सारखी केली. इतकी वर्षं संस्था चालवलेला माणूस तो. वारं फिरलेलं त्यांना सगळ्यात आधी समजायचं. ते कॅमेऱ्याकडे वळले तेव्हा आवाज पुन्हा भाषणातला झाला होता.

“हे बघा, ज्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे. मी कधी टॅग लावलेला नाही, तुमच्या माइकमध्ये आलंच आहे ते. आज तर मी माशाला हातही लावला नाही. हा टॅग आमच्या मॅडमनी लावला. फिल्ममध्ये तसं स्पष्ट लिहा. त्यांच्या नावानिशी.”

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

कॅमेरावाल्याने कॅमेरा तिच्यावर रोखला आणि अदबीने विचारलं, “मॅडम, नाव सांगता? पूर्ण सांगा.”