मशीनवरचं गाणं

साधनाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. चाकणच्या कारखान्यात, प्रेस मशीनवर, दुपारच्या पाळीत. उरलेला हात बँडेजमध्ये एवढा जाड झाला होता की तो तिचा वाटतच नव्हता, कुणीतरी उशीवर आणून ठेवल्यासारखा दिसत होता.

सुभद्राबाई आणि रंभा दवाखान्यात भेटायला आल्या तेव्हा ती जागी होती. तिघी एकाच चर्चच्या, तिघी लिहिणाऱ्या. महिन्यातून एकदा संत तुकाराम नगरात सुभद्राबाईंच्या घरी जमायच्या, आपापलं वाचून दाखवायच्या आणि एकमेकींना हरभऱ्याच्या झाडावर चढवायच्या. बाहेर त्यांना कोण विचारतंय? रविवारच्या उपासनेत साधनाची दोन गाणी म्हटली जायची, पण ती कुणाची हे निम्म्या मंडळीला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

रंभानं आधी प्रार्थना केली. तिची प्रार्थना तिच्या कथांसारखीच, कुठं थांबायचं ते तिला कळत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही हात जोडले. आमेन झाल्यावर रंभा म्हणाली की जीव वाचला हीच केवढी मोठी साक्ष आहे; तू हे सगळं लिहून काढ, चर्चच्या मासिकाच्या उपकारस्तुती अंकात पहिल्या पानावर घेऊ. मग आपण काय बोलून बसलो ते तिच्याच लक्षात आलं. थर्मास उचलून ती चहा आणायला गेली.

सुभद्राबाईंनी विचारलं, कंपनीचं कुणी आलं होतं का. सकाळी आले होते, साधना म्हणाली, एचआरचे साहेब आणि सुपरवायझर. बोलायला गोड होते. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर कित्येक दिवस बंदच करून ठेवलेला होता, टार्गेट गाठायला. अख्ख्या लाइनला ते माहीत होतं. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारलं एवढंच, की त्या वेळी तुमचं लक्ष कुठं होतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, मनात गाणं जुळवत होते."

आयुष्य शाळेत घालवलेल्या सुभद्राबाईंना एवढं कळत होतं, की साहेबांना हवं होतं ते आयतं हातात पडलं. बाईचं लक्ष कामावर नव्हतं, तिनंच कबूल केलं, विषय संपला. नोकरी गेलीच, आता भरपाईही गेली.

"अगं, कशाला सांगायचं हे?"

"त्यांनी विचारलं. खोटं कसं बोलू, बाई?"

सुभद्राबाईंना तिचा राग आला. असल्या खरेपणाचाही माणसाला राग येतो. आणि रागाच्या मागोमाग एक गोष्ट आठवली. साधनाला कामावर गाणं जुळवायला शिकवलं कुणी? घरी टेबल नाही, वेळ नाही, मी कुठं लिहू, असं ती पहिल्यांदा म्हणाली होती तेव्हा त्यांनीच हसून सांगितलं होतं, की बायकांना टेबल कधी मिळालंय? ओळ डोक्यात घेऊन फिरायचं. भाकरी थापताना, बसमध्ये, मशीनवर. हात आपलं काम करत राहतात. त्या स्वतः तशाच लिहीत आल्या होत्या. पण त्यांची फार तर भाकरी करपायची.

"मीच सांगितलं होतं तुला," त्या म्हणाल्या.

तसं नाही, असं साधना म्हणाली नाही.

सुभद्राबाईंनी तिच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली. मग म्हणाल्या की आता हे लिहिणं-बिहिणं पुरे. आधी बरी हो. गाण्यांवाचून कुणाचं काही अडलेलं नाही. आपलं महिन्याचं जमणंही काही दिवस बंदच ठेवू. त्या भराभर बोलत होत्या. आपण हे तिच्या भल्यासाठी बोलतोय की स्वतःची सुटका करून घेतोय, हे त्यांना तेव्हाच उमजलं असतं तर बरं झालं असतं.

साधनानं सगळं ऐकून घेतलं.

"मशीननं बोटं नेली, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "बाकीचं तुम्ही नेऊ नका."

सुभद्राबाई रडल्या. भरल्या वॉर्डात, तोंडाला पदर लावून. साधनानं त्यांना रडू दिलं. समजूत घालण्याएवढं त्राण तिच्यात नव्हतं, आणि कदाचित तशी इच्छाही नव्हती. रंभा चहा घेऊन आली आणि दोघींकडे बघून खाटेच्या पायथ्याशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं सुभद्राबाईंनी डोळे पुसले. पर्समधून पेन काढलं. कागद सापडेना, तेव्हा औषधाची कागदी पिशवी मांडीवर घेऊन हातानं सपाट केली.

"सांग," त्या म्हणाल्या.

साधनानं डोळे मिटले. मग तिनं एक ओळ सांगितली. ती निसटेल या भीतीनं सुभद्राबाई घाईघाईनं लिहू लागल्या. पेन पिशवीत रुतलं, कागद फाटला.

"सावकाश लिहा, बाई," साधना डोळे न उघडता म्हणाली. "मला आता शिफ्ट नाही."