कोरी सीडी

उरणच्या बंदरातली पाळी संपवून पनवेलच्या कोळीवाड्यात घरी आलो, तर अंगणात वाळणाऱ्या बोंबलांवर माझी सीडी दोरीने टांगलेली. उन्हात ती गरगर फिरत होती आणि कावळे लांब कौलावर बसून नुसते बघत होते. "कशी युक्ती काढली?" आई खुशीत म्हणाली. "तुज्या चित्रावाल्या सीड्यांना हात नाय लावला. ही कोरी व्हती, ती घेतली. राखेनं दोनी बाजू घासली, तवा कुठं अशी चमकली." जवळ जाऊन पाहिलं, तर चरेच चरे. आता ती कधीच वाजणार नव्हती. एका परदेशी खलाशाने ती मला कॉपी करून दिली होती, त्याच्या आवडत्या रॅपरचा जुना अल्बम. त्यात सोबतीला दुसरा गाणारा कुणी नाही, एकटा माणूस धाप लागेस्तोवर बोलत राहतो. इंग्रजी मला निम्मंच कळायचं, पण बाबा गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि तो माझ्या वाटचं सगळं बोलून टाकायचा. "आये, ती कोरी नव्हती गं," एवढंच मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला. "मंग काय व्हतं तिच्यात?" "गाणी. एक तर त्याच्या आयेवरच हाय. लोकांची भांडी घासून तिचे हात फाटले, त्याचं."  आईने सीडी सोडवली, भेगाळलेल्या बोटांनी पदराला पुसली आणि माझ्यापुढे धरली. "मंग लाव की. मी पन आयकते."