फोडणीचा वास

सकाळचे ऊन त्या स्वयंपाकघरात नेहमी उशिराच येई. आधी ते समोरच्या गच्चीवरल्या टाकीपाशी रेंगाळे, मग खिडकीच्या गजांमधून पट्ट्यापट्ट्यांनी ओट्यावर उतरे आणि तिथून, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखे, मांडणीच्या एकेका फळीवर चढत जाई. डाळीचे डबे, उपडे पेले, ताटांची चळत. सगळ्यांवरून ते सारख्याच मायेने फिरे. फक्त वरच्या फळीवरच्या मोठ्या पातेल्यापाशी अडखळे. पातेल्याच्या कुशीत पडलेल्या पोच्यात ऊन साचून राही, ओंजळीतल्या पाण्यासारखे. वैजनाथ रोज ते बघे आणि रोज नजर काढून घेई.

आज मात्र ते पातेले खाली काढणे भाग होते. शिवांगीला बघायला उदगीरचे पाहुणे यायचे होते आणि वरण मावेल एवढे दुसरे भांडे घरात नव्हते.

"ते नको, बाबा," शिवांगी म्हणाली.

"पोचा भिंतीकडं केला की दिसत न्हाई."

वैजनाथ लातूरच्या एका डाळमिलमध्ये कामाला होता. चढ्या आवाजात बोलताना त्याला गल्लीत कुणी ऐकलेले नव्हते. गेल्या पोळ्याला जेवणारे उठून गेले आणि हे पातेले ओट्यावरून पडले. वरण भिंतीवर उडाले. तो डाग जाईना, म्हणून त्याने तिथे कॅलेंडर लावले, खिडकीच्या वरच्या चौकटीलगत. दुसऱ्या दिवशी उज्वला, त्याची बायको, आजारी बहिणीकडे नांदेडला गेली, ती अजून परतली नव्हती. विचारणाऱ्याला तो एवढेच सांगे. आई घरात नाही म्हटल्यावर दोन स्थळे नुसत्या चहावरून परत गेली होती. हे तिसरे.

बापलेक दोघांच्याही हाताला स्वयंपाक नव्हता. पण स्वयंपाक न करता पाहुणे जेवू घालायच्या युक्त्या वैजनाथ आता शिकला होता. मेसचा डबा घरच्या भांड्यांत ओतायचा. विकतच्या पुरणपोळ्या तापल्या तव्याला टेकवून वर तूप सोडायचे, म्हणजे घरचे डाग पडतात. दुकानातले दही वाट्यांत काढून त्यावर शेंगदाण्याची चटणी भुरभुरायची. आणि पाहुणे जिना चढू लागले की तेल तापवून मोहरी, लसूण, कढीपत्ता टाकायचा. ती फोडणी कशात घातली नाही तरी चालते. पाहुण्यांना आधी वास वाढायचा. चव मग ते आपल्या पदरची घालतात.

डबा आला. वैजनाथने वरण बोटावर घेऊन चाखले. थोड्या वेळाने पुन्हा चाखले.

"मीठ बेतानं हाय," तो म्हणाला. "कुठून सांगितलास?"

"क्लासच्या पोरांची मेस आहे एक. घरगुती." शिवांगी वाट्या पुसत राहिली.

उदगीरच्या महानंदाबाई हुंगतच आत आल्या. मागून त्यांचा मुलगा राजशेखर, कपाळावर विभूती, मान खाली. तो लातुरातच एका क्लासमध्ये शिकवत होता.

"काय वास सुटलाय हो वैजनाथअप्पा! सकाळधरनं राबून राहिले की काय बापलेक?"

"शिवांगीनंच केलंय सगळं."

"आन् आई?"

"नांदेडला. तिच्या बहिणीचं लई दुखणं हाय."

"अजून?"

"होईलच आता बरी."

महानंदाबाईंनी तो विषय ताटाकडे वळवला. "वाढ बाई शिवांगी. आमचा हा गणित शिकवतो, पण सोताच्या पोळ्या काय याला मोजता येत न्हाईत."

शिवांगी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, आणि वैजनाथला वाटले, हे जमणार.

राजशेखरने वरणाचा पहिला घास घेतला आणि तो थांबला.

"अव्वा, हे तर काकूंचं वरण."

"कोणच्या काकू?"

"मेसच्या. डाळीत अंबाडी, वर तळलेला मेथीदाणा. वर्षभर हेच जेवून राहिलो मी."

वैजनाथच्या हातातला पापड मोडला. पण महानंदाबाई खळखळून हसल्या. "आत्ता! विकत आणलं व्हय? आणलं तर आणलं. पोर गुणाची हाय, सैपाक काय मी शिकवीन." मग त्यांनी पुन्हा भुरका मारला. "पर हात चांगला हाय हो बाईचा. कुठली म्हणायची?"

"इथल्याच असतील," राजशेखर म्हणाला. "एकट्या राहतात. लई मायाळू. डाव्या भुवईवर मोठा वण आहे त्यांच्या. पोरांनी विचारलं तर म्हणतात, भांडं पडलं."

शिवांगीने डाव पातेल्यात ठेवला.

"आई आहे ती माझी," ती म्हणाली. "आज माझं बघणं म्हणून पहाटेपासनं तिनं एकटीनं केलंय सगळं. मीच सांगितलं होतं तिला."

फोडणीचा वास अजून घरभर होता.

"पडलंच होतं," वैजनाथ म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, मऊ. "वट्यावरनं पडलं. हे बघा, हेच पातेलं." आणि पुरावा म्हणून त्याने स्वतःच्या हाताने पातेले फिरवून पोचा त्यांच्याकडे केला.

महानंदाबाईंनी पोच्याकडे पाहिले. मग दारातून दिसणाऱ्या ओट्याकडे. ओटा कमरेएवढा होता. मग त्यांची नजर ओट्यावरून वर, त्या कॅलेंडरच्या कडेने डोकावणाऱ्या पिवळ्या डागापर्यंत गेली.

"वट्यावरनं पडलेलं भांडं पायावर पडतंय, वैजनाथअप्पा," त्या सावकाश म्हणाल्या. "भुवईला कसं लागंल?"

त्यांनी ताटातच हात धुतला. राजशेखर उठला. शिवांगी बापाकडे बघत होती. हे उत्तर ती वर्षभर त्याच्या तोंडून ऐकायला थांबली होती.

पातेले पडले नव्हते. वरणात मीठ जास्त झाले म्हणून वैजनाथने ते उज्वलाच्या तोंडावर फेकून मारले होते.