मागचं दार

मागचं दार धाडकन बंद झालं आणि त्याची मूठ कडूबा ड्रायव्हरच्या हातात आली.

आत शेषराव उताणे पडले होते, लेकीच्या होणाऱ्या सासऱ्याला विलायती गाडीतला आराम दाखवायला. सासरे किसनराव पुढच्या खिडकीशी उभे, आणि त्यांच्या मागं डोणगावचा अख्खा बाजार. वाद एवढाच, की उद्या नवरदेव मांडवात कोणत्या गाडीतून यायचा. शेषरावांच्या या काळ्या कुळकुळीत गाडीतून, की किसनरावांनी कचरू सुताराकडून जुन्या जीपच्या सांगाड्यावर बांधून घेतलेल्या गाडीतून?

"बरं हाय ना इवाई?" किसनरावांनी विचारलं.

"मस्त. गार वाटून राह्यलं," शेषराव ड्रायव्हरच्या मागच्या काचेच्या फटीतून म्हणाले. घाम कानात चालला होता.

मूठ तुटलेली त्यांनी पाहिली होती. पण 'काढा मले' म्हणायचं म्हणजे नवरदेव कचरूच्या पत्र्यात बसवायचा आणि लेकीच्या मांडवात खाली मान घालायची. त्यांनी जांभळ्या मखमलीवर बोटं फिरवली. आतून कडी नव्हतीच. खिडक्यांना झालरीचे पडदे होते, पण त्या उघडणाऱ्या नव्हत्या.

कचरूनं वाकून पाहिलं. "मालक, माह्या गाडीचंबी मागचं दार असंच वर उचलते. पण त्याले आतून कडी हाय. हिले काऊन नाही?"

"अबे, या गाडीत बसणारा सोता दार उघडते काय? बाहेरचे उघडतात."

"अन् बसाले शीट?"

"मोठे लोक पाय पसरून जातात. खाली पितळी रूळ पाह्य. सरकवला का मानूस गेला आत."

नवं राज्य झालं, मुंबई आपली झाली, मग मुंबईची गाडी आपली का नको, म्हणून शेषरावांनी ती आणलेली. दलालाचं बोलणं त्यांना पाठ होतं. गाडी एका हाती वापरलेली. कधी पळवली नाही, पायी चालणाऱ्याच्या चालीनं चालवली. आणि मागं बसलेल्या एकानंही आजवर तक्रार केली नव्हती.

ऊन चढलं. शेषराव डोळे मिटून, हात छातीवर घेऊन निपचित पडून राहिले. हललं की घाम दिसायचा.

शेवटी किसनरावच नमले. "एवढ्या तापात मानूस कूस बदलत नाही, म्हंजे आराम असंनच. जितले तुम्ही. नवरदेव यातच येईन. या आता बाहेर."

शेषरावांनी पायानं दार रेटून पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. कडूबानं मूठ पाठीमागं लपवली. कचरू पटाशी घेऊन दाराशी बसला.

तेवढ्यात रस्त्यानं चाललेली मिशनची जीप थांबली. म्हातारे पाद्री उतरले. उमेदीची वर्षं मुंबईत काढलेला माणूस. गर्दी बाजूला झाली. गाडी पाहताच त्यांनी हॅट काढून छातीशी धरली. शेषरावांनी डोळा किलकिला केला. चला, विलायती मालाची कदर असणारा एक तरी आला.

पाद्रींनी काचेवर हळूच हात ठेवला.

"या गाडीच्या मागून मी कितीदा कबरस्तानापर्यंत चालत गेलोय," ते किसनरावांना दबक्या आवाजात म्हणाले. "आज कोण वारलं?"