एका नावाच्या दोन अळम्या

पूनमने स्कूटर दारात उभी केली आणि मागच्या सीटवरून शांता उतरली. कृष्णनाथ सरांनी तिला सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी लगेच ओळखलं आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

“बस गो पूनम,” ते म्हणाले. मग शांताकडे न बघता, “तुम्हीही बसा.”

शांता पायरीवरच बसली.

पूनम सरांची जुनी विद्यार्थिनी. आता डिचोलीला कॉलेजात शिकवायची आणि अळम्यांवर, म्हणजे अळंब्यांवर, आणि बुरशींवर संशोधन करायची. शांताला तिने तुये गावाहून शोधून आणलं होतं.

शांता गडहिंग्लजकडची. १९९७ साली तिचा नवरा हरी तुयेच्या कारखान्यात कामाला होता. जुलैतल्या एका सोमवारी सकाळी त्याला खोलीमागच्या डोंगरात पांढऱ्या अळम्या मिळाल्या. गोव्यातल्या त्या पेडणे भागात तेव्हा एक रीत होती : अळमीची शंका आली की कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कृष्णनाथ सरांना दाखवायची. हरी एकटाच टोपली घेऊन सरांकडे गेला आणि हसत परत आला. “सर म्हणाले, बऱ्या आहेत. खा.”

शांताचा सोमवारचा उपास होता. हरीने खाल्ल्या, चार वर्षांच्या जानकीने खाल्ल्या. शनिवार उजाडला तेव्हा दोघंही नव्हते.

सरांनी त्या वर्षी नोकरी सोडली. पुढे कोणी अळमी घेऊन आलं की ते आत जाऊन दार लावून घेत.

“सर, प्रयोगशाळेतून निकाल आला,” पूनमने कागद पुढे केला. “शांतामावशीच्या खोलीत उरलेल्या दोन अळम्या डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवल्या होत्या ना? तुम्ही सुकवून कॉलेजात ठेवलेल्या. मी त्यांचा डीएनए काढून घेतला. आपण जिला पांढरी अळमी म्हणतो ती एक जात नाहीच. त्या दोन जाती आहेत. एक खायची, दुसरी विषारी, शांतामावशीकडे उरलेली ती. नात्यानेही लांबच्या. इतकी वर्षं पुस्तकांत दोघींना एकच नाव होतं.”

सरांनी कागद हातात घेतला नाही.

“म्हणजे तुमची चूक नव्हती, सर. कोणाचीच नव्हती.”

“हें आता कित्याक, पूनम?”

“तुम्ही सतरा वर्षं स्वतःला घरात कोंडून घेतलंय म्हणून.”

शांताने पदराने तोंड पुसलं. “सर, मी तुम्हास्नी लई शिव्या दिल्या. रोज. दिवा लावताना बी दिल्या. ह्या बाईंनी मला समजावून सांगितलं. त्या दोन्ही एकसारख्याच दिसायच्या म्हणं. मग तुम्ही तरी काय करणार? मी माझा शाप परत घ्यायला आलीया.”

ती उठून पाया पडायला वाकली. सर मागे सरले. त्यांची पाठ भिंतीला लागली.

“नाका,” ते म्हणाले. “असं करू नका.”

“राहू दे, सर. आता मावशीलाही जरा सुटू दे,” पूनम हलक्या आवाजात म्हणाली. “आणि एक सांगायचं आहे. विषारी जातीला नाव द्यायचंय. मी तुमचं देणार आहे.”

“माझं नाव? विषाला?”

“मान म्हणून. दोन्ही एकसारख्या दिसतात हे तुमच्यामुळेच सिद्ध होतं आहे. डीएनए एवढंच सांगतो की जाती दोन आहेत. ताज्या असताना त्या डोळ्यांना वेगळ्या दिसतात की नाही, ते वाळलेल्या नमुन्यावरून कळत नाही. रंग जातो, वास जातो. ती दुसरी जात पुन्हा कोणाला सापडलेलीही नाही. ताज्या अळमीची जगात एकच नोंद आहे, त्या सोमवारी सकाळची, तुमची. टोपी पांढरी, देठ भरीव, वास गोड, खायच्या अळमीहून काहीही फरक नाही. तुमच्यासारख्या माणसाला भिंगाखाली फरक दिसला नाही, म्हणजे तो दिसण्यासारखा नव्हताच. मी निबंधात तसंच लिहिलंय.”

शांता परत पायरीवर बसून मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी काहीतरी सैल झालं होतं.

सरांनी ते पाहिलं. मग पूनमशी न बोलता ते शांतासमोर पायरीवर येऊन बसले.

“ती नोंद मी पोलीस चौकशीला येऊन गेल्यावर लिहिली, बाई,” ते म्हणाले. “त्या दिवशी मला साडेआठची बस गाठायची होती. तुमच्या घरकाराच्या, हरीच्या टोपलीवर फडकं होतं. मी ते उचललंच नाही.”