उसन्या गाई

गाई चरून परतायची वेळ झाली, तशी पाहणीला आलेली जनावरांची सरकारी डॉक्टरीण गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. धाकटा तिच्या मागे घुटमळत राहिला.

अनुदान हवं तर गोठा भरलेला दिसला पाहिजे, असा नियम होता. धाकट्याचा गोठा वाटणीपासून अर्धा रिकामा. गोठा त्याच्या वाट्याला आला आणि अर्ध्या गाई थोरल्या भावाच्या. दादाने कुंपणापलीकडे पत्र्याची शेड ठोकली आणि बोलणं टाकलं. आता अनुदान हुकलं तर दुधाचा धंदाच मोडावा लागणार होता. पाहणीपुरत्या गाई उसन्या आणायच्या, ही त्या भागातल्या दूधवाल्यांची जुनी रीत. एकेक गाय चार-चार गोठ्यांना अनुदान मिळवून देते, असं लोक हसून सांगत. धाकट्याने नाक मुठीत धरून वहिनीकडे निरोप पाठवला. दादा हो म्हणाला नाही, की नाही म्हणाला नाही. आज सकाळी कुंपणाचं फाटक तेवढं उघडं दिसलं, आणि दादाच्या गाई अलीकडच्या कुरणात.

"कागदपत्रं नंतर बघू," डॉक्टरीण म्हणाली. "आधी मी गाई आत येताना बघते. उसनी गाय परक्या दारात थबकतेच. माणसं खोटं बोलतात हो, गाईला ते जमत नाही."

धाकट्याचं तोंड उतरलं. त्याने सकाळीच फरशी धुतली होती, गव्हाणीत पेंड टाकली होती, डॉक्टरणीसाठी चांगल्यातली खुर्ची मांडली होती. दाराचा विचार काही त्याच्या डोक्यात आला नव्हता.

गाई आल्या. आधी त्याच्या, त्यांच्या मागोमाग दादाच्या. दादाच्या कळपात पुढे होती म्हातारी लंगडी. ती दारासमोर आली आणि धाकट्याने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा लंगडी आत, खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन उभी होती. बाकीच्याही एकेक करून आत शिरल्या. कुणी हाकललं नाही, कुणी वाट दाखवली नाही. ज्या जागा वाटणीपासून रिकाम्या होत्या, त्या आपसूक भरल्या.

या सगळ्या इथेच तर जन्मल्या होत्या. भांडणाच्या भरात तो हे पार विसरून गेला होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज.

"प्रश्नच नाही, घरच्याच आहेत," डॉक्टरीण म्हणाली आणि तिने सही केली.

तिची गाडी वळणाआड गेली, तसा फाटकातून दादा आला. हातात दावी होती. वाटणीनंतर तो पहिल्यांदाच या अंगणात पाऊल टाकत होता. केस बरेच पिकले होते. कुंपणापलीकडून हे कधी दिसलं नव्हतं.

धाकटा दारातून बाजूला सरकला. अनुदान मिळालं काय, न मिळालं काय, त्याला आता एवढंच हवं होतं की दादाने आत यावं. दारातला दगडी उंबरा तरुणपणी दादानेच बसवला होता, आणि धाकट्याने तेव्हा त्याला पाणी आणून दिलं होतं.

"दादा, आत ये ना," तो म्हणाला. "लंगडीने तिची जागा बरोबर ओळखली बघ."

दादा दारापर्यंत आला. चौकटीला हात लावला. आत जायला पाऊल उचललं.

आणि थबकला.