आत्या आणि मामा

"रुग्णालयातील औषध सोडणारे यंत्र अकारण बंद पडले, प्रोग्रॅमर बाईंनी नामंजूर पर्याय त्यात परस्पर बसवला होता, आणि तसे करणे अन्य कोणालाही शक्य नव्हते."

विभागप्रमुखांनी यंत्र बनवणाऱ्या आपल्या कंपनीचे हे निवेदन चौकशी समितीपुढे वाचले आणि चष्मा पुसला. वाक्य एकच होते, असत्ये तीन. इतक्या लहान जागेत इतकी दाट वस्ती क्वचितच आढळते.

प्रोग्रॅमर टेबलाच्या टोकाला बसली होती. नोकरी जाणार, हे तिने सकाळीच गृहीत धरले होते. तिची खरी धास्ती निराळी होती. पर्याय बदलल्याचे तिला आठवत नव्हते; परंतु कामाने ती इतकी पिचली होती, की आठवत नाही म्हणजे केलेच नाही, असे छातीठोकपणे म्हणण्याची तिची छाती नव्हती. शस्त्रक्रिया झालेल्या एका सुताराचे वेदनाशामक औषध मध्येच थांबले होते. त्याला काही झाले असते तर?

विभागात एक साधन होते. एरवी नवे लिहिले की जुने पुसायचे, असा खाक्या. या साधनात मात्र एकाच प्रोग्रॅमच्या अनेक तऱ्हा शेजारीशेजारी नांदत. पडद्यावरची कळ सरकवली की एक निजे, दुसरी जागी होई. औषधाच्या मात्रेवर पहारा ठेवणाऱ्या दोन तऱ्हा तिनेच लिहिल्या होत्या आणि बारसेही तिनेच केले होते. 'आत्या' आकडा संशयास्पद दिसताच यंत्र थांबवून घंटा वाजवी आणि कोणी येऊन खात्री करेपर्यंत हलत नसे. प्रोग्रॅमरची सख्खी आत्याही अशीच, जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून पाहणारी. 'मामा' मात्र बारीक अक्षरांत एक सूचना देई आणि भाच्याचे लाड चालू ठेवी.

विभागप्रमुखांनी मामाला मंजुरी दिली होती. "ऊठसूट घंटा वाजली तर गिऱ्हाईक आपलं यंत्र घेईल कशाला? तुमच्या आत्याबाईंना घरी बसवा." ती भांडली, आणि शेवटी तिने मान तुकवली. सगळ्या यंत्रांत मामा गेला. तरीही सुताराच्या उशाशी असलेल्या यंत्रात आत्या निघाली.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी विचारले, "'अकारण' हा शब्द तपासता येईल?"

"येईल," ती म्हणाली.

तिने यंत्राच्या स्मृतीतले त्या दुपारचे आकडे साधनात घातले. पडद्याच्या एका अंगाला आत्या, दुसऱ्या अंगाला मामा. दोघांपुढे तोच सुतार, तेच औषध. मात्रेतले दशांशचिन्ह घालताना सुटले होते. आत्या तिथेच अडून बसली. मामाने सूचना दिली आणि दसपट औषध बिनबोभाट सोडून दिले.

त्या दिवशी घंटा ऐकून सिस्टर धावत आल्या होत्या, त्यांनी आकडा पुन्हा घातला होता आणि यंत्र सुरू झाले होते. पहिला आकडा काय होता, हे कोणी विचारलेच नव्हते. तक्रार तेवढी झाली होती, घंटेची.

"म्हणजे मामा असता तर सुताराचा श्वास थांबला असता?"

"हो."

सुतार आपल्या पायांनी घरी गेला होता. तिचा जीव भांड्यात पडला. 'अकारण' निकालात निघाले. सगळ्या यंत्रांत आत्या बसवण्याचा आदेश अध्यक्षांनी तिथल्या तिथे दिला. तिने कळा सरकवल्या. मामा एकेका रुग्णालयातून मुकाट्याने निघाला. कित्येक महिन्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

"आणि 'अन्य कोणालाही शक्य नव्हते'?"

"साधन घेतलं तेव्हा साहेबांनीच भाषण केलं होतं," ती म्हणाली. "'ज्याला प्रोग्रॅमची एक ओळ लिहिता येत नाही, त्यालाही हे वापरता येतं. माझ्याकडेच बघा!' आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

विभागप्रमुखांनी पुन्हा चष्मा पुसला. काच एव्हाना त्यांच्या निवेदनापेक्षा कितीतरी स्वच्छ झाली होती.

उरला 'परस्पर'. अध्यक्षांनी तिला सरळच विचारले, "पर्याय तुम्ही बदललात का?"

"आठवत नाही, सर. पण खरं सांगू? आता वाटतंय, मीच बदललेला असू दे."

आरोपीने आरोपाची अशी आशा धरल्याचे अध्यक्षांनी आजवर पाहिले नसावे. त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरना साक्षीसाठी आत बोलावले. सिस्टर आल्या, समितीला नमस्कार करता करता त्यांची नजर विभागप्रमुखांवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगबाई, साहेब तुम्ही! आई कशा आहेत आता? अहो, यांच्यासारखा मुलगा नाही बघितला. आईला सलाईन चालू, आणि हे उशाशी लॅपटॉप त्या यंत्राला जोडून बसलेले! मी म्हटलंसुद्धा, जरा काम ठेवा की बाजूला."

प्रोग्रॅमरने विभागप्रमुखांकडे पाहिले. एवढ्या दिवसांत प्रथमच त्यांनी नजर चुकवली.

"तेच यंत्र पुढे सुताराला लावलं?" अध्यक्षांनी विचारले.

"तेच की," सिस्टर म्हणाल्या.

अध्यक्षांनी लघुलेखकाला खूण केली. विभागप्रमुखांचा जबाब शब्दशः असा:

"हो, मीच लावली आत्या. आई होती त्या यंत्रावर. ती बरी होऊन घरी आली, आणि परत मामा लावायचं माझ्याकडून राहून गेलं."